पॅरिसचे क्षितिज आणि आपले

पाऊस सरल्यापासून वाचकांनी पाठवलेली दीर्घिकांची आणि तारकागुच्छांची छायाचित्रे आम्ही या अंकासाठी एकत्र मांडून पाहिली. हात सुधारले आहेत, यात शंका नाही. देवयानी दीर्घिकेच्या कडेचे निळे पट्टे, एम १३ च्या गाभ्यापर्यंत सुटे झालेले तारे, शहरातल्या गच्चीवरून मिळवलेले एम ५१ चे दोन्ही सर्पिल बाहू. पूर्वी यासाठी वेधशाळेची दुर्बीण लागत असे. तरीही एक गोष्ट मनाला लागली. ही सगळी चित्रे जर्मनीतून किंवा कॅनडातून काढली असती, तरी विषयांची यादी हीच राहिली असती. ती १५ ते २२ उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसांनी काढली आहेत, याची खूण त्या यादीत जवळजवळ कुठेच नव्हती.

ही यादी आली कुठून? बहुतांशी शार्ल मेसिएकडून. त्याने पॅरिसमधून, जवळपास ४९ अंश उत्तर अक्षांशावरून, धूमकेतू शोधता शोधता ती केली. तिच्यातला सर्वांत दक्षिणेचा विषय वृश्चिकेतला एम ७ हा तारकागुच्छ. पॅरिसहून तो क्षितिजापासून जेमतेम ६ अंश वर येतो. त्याखालचे आकाश मेसिएला दिसतच नव्हते, म्हणून ते यादीत नाही. आज आपली मार्गदर्शक पुस्तके, व्हिडिओ आणि स्मार्ट दुर्बिणींच्या ‘आज रात्री काय पाहाल’ सूचनाही याच यादीभोवती फिरतात. आपण मात्र पॅरिसच्या तीस अंश दक्षिणेला उभे आहोत.

पुण्यासाठी (अक्षांश साडेअठरा) हिशेब करून पाहा. याम्योत्तर वृत्तावर असताना एम ८१ आणि एम ८२ ही लाडकी जोडी पुण्यात क्षितिजापासून सुमारे ४० अंशांपर्यंतच चढते, तीही ध्रुवाकडच्या बाजूला. युरोपातल्या छायाचित्रकाराला तीच जोडी ७० अंशांवर मिळते, म्हणून ती त्याची लाडकी आहे. वासुकीतली एम ८३ आपल्याकडे साडेएकेचाळीस अंशांवर येते, तर स्कल्प्टरमधली एनजीसी २५३ तब्बल ४६ अंशांवर. म्हणजे ज्यांना आपण ‘दक्षिणेच्या दीर्घिका’ म्हणून सोडून देतो, त्या आपल्या आकाशात एम ८१ पेक्षा वर आहेत.

आता मार्च-एप्रिलच्या रात्रींकडे येऊ. एम ८३, सेंटॉरस ए (एनजीसी ५१२८) आणि ओमेगा सेंटॉरी हे तिघे पाव तासाच्या आत एकामागोमाग याम्योत्तर ओलांडतात. एप्रिलच्या मध्यात हे मध्यरात्री घडते, मेच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास. सेंटॉरस ए आणि ओमेगा यांच्यात जेमतेम साडेचार अंशांचे अंतर आहे. सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षांवरची, दुसरी दीर्घिका पोटात घेऊन बसलेली, मधोमध धुळीचा काळा पट्टा असलेली सेंटॉरस ए आणि तिच्या खालीच सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ. नरतुरंगाचा, म्हणजे सेंटॉरसचा, हा प्रदेश लंडनच्या माणसाला घरून कधीच दिसत नाही. तो टिपायला तिकडचे लोक नामिबियापर्यंत विमानाने जातात.

ओमेगावर थोडे थांबायलाच हवे. त्याची दृश्य प्रत ३.९, आकार पौर्णिमेच्या चंद्रबिंबापेक्षा मोठा, अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे. एम १३ मध्ये काही लाख तारे आहेत, ओमेगात सुमारे एक कोटी. टॉलेमीच्या यादीत तो तारा म्हणून आहे. हा तारा नव्हे, धूसर ठिपका आहे, हे एडमंड हॅलेने १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून नोंदवले. आपल्या आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या छोट्या दीर्घिकेचा हा उरलेला गाभा असावा, असे अनेक संशोधकांना वाटते. २०२४ मध्ये हबलच्या वीसहून अधिक वर्षांच्या छायाचित्रांतून त्याच्या केंद्राजवळच्या अतिवेगवान ताऱ्यांची गती मोजली गेली आणि तिथे किमान ८,२०० सौरवस्तुमानांचे कृष्णविवर असल्याचा पुरावा पुढे आला. तारकागुच्छ आणि दीर्घिका यांच्या सीमेवरचा हा विषय पुण्याहून २४ अंशांवर येतो, पणजीहून २७ अंशांवर. पुण्यात तो २० अंशांच्या वर सुमारे साडेतीन तास राहतो. एका रात्रीला तेवढे पुरे आहे.

खालच्या उंचीची अडचण खरी आहे. २४ अंशांवर प्रकाश डोक्यावरच्या मानाने जवळपास अडीचपट हवेतून येतो. निळा रंग सर्वांत जास्त गळतो, म्हणून मोनो कॅमेरा वापरणाऱ्यांनी निळा फिल्टर याम्योत्तराच्या आसपास लावावा आणि लाल आधी-नंतरसाठी ठेवावा. हवेच्या अपवर्तनामुळे प्रत्येक ताऱ्याला वर निळी आणि खाली तांबडी किनार येते. तो लेन्सचा दोष समजून अनेक जण भिंगे बदलत बसतात. रंगीत कॅमेऱ्याच्या चित्रातले तिन्ही रंग सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये वेगळे काढून एकमेकांवर नव्याने जुळवले, की किनार बरीच जाते. त्यानंतर ताऱ्यांच्या मोजलेल्या रंगांवरून रंगसमतोल करावा, डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे. ओमेगासाठी एक्स्पोजर छोटे ठेवा, १० ते २० सेकंदांचे, म्हणजे गाभ्यातल्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांचा रंग जळून पांढरा होणार नाही. तारे बिंदुरूप असल्याने ते उजळ आकाशातूनही वर येतात. त्यामुळे शहरातल्या गच्चीवर गोलाकार गुच्छ हाच सर्वांत न्याय देणारा विषय आहे. सेंटॉरस एचे मात्र तसे नाही. तिचा फिकट बाह्यभाग शहराच्या उजेडात बुडतो आणि नॅरोबँड फिल्टर तिथे कामाला येत नाही, कारण दीर्घिकेचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो. रस्त्यांवर सोडियमचे दिवे होते तोवर काही फिल्टर मदत करत. एलईडी आल्यावर तो आधारही गेला. चित्राची गुणवत्ता दुप्पट करायची तर एकूण वेळ चौपट द्यावा लागतो, याला पर्याय नाही.

ज्यांची गच्ची फक्त दक्षिणेला मोकळी आहे, त्यांना आम्हाला विशेष सांगायचे आहे. ध्रुव दिसत नाही म्हणून माउंट नीट लावता येत नाही, ही समजूत सोडा. ‘निना’ या सॉफ्टवेअरमधली तीन बिंदूंची पद्धत आकाशाच्या कोणत्याही मोकळ्या भागावर चालते. स्मार्ट दुर्बीण वापरणाऱ्यांसाठीही आनंदाची बाब आहे. याम्योत्तराजवळ एम ५१ च्या भागात चित्रक्षेत्र ज्या वेगाने फिरते, त्याच्या साधारण निम्म्याच वेगाने ते ओमेगाच्या भागात फिरते.

जागा निवडताना दिशा बघा. पुणेकर भोरच्या बाजूला गेले तर शहराचा उजेड पाठीशी, उत्तरेला राहतो आणि दक्षिण मोकळी मिळते. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ही विदर्भासाठी मोठीच गोष्ट. पण पेंच नागपूरच्या उत्तरेला आहे, म्हणजे शहराचा उजेड नेमका दक्षिण क्षितिजावर येतो. तिथून एम ८३ पर्यंतचे काम उत्तम होईल, ओमेगासाठी नागपूरच्या दक्षिणेला जागा शोधावी. एप्रिलमध्ये मावळ-कोकणात राब भाजतात, डोंगरांवर वणवे असतात आणि त्या धुराचा थर खालच्या आकाशातच जास्त साचतो. वळीव पडून गेल्यानंतरची निरभ्र रात्र हाती लागली, तर ती अजिबात सोडू नये.

पाऊस संपला की एनजीसी २५३ ची पाळी येते. कॅरोलिन हर्शेलने १७८३ मध्ये इंग्लंडमधून, क्षितिजालगतच्या आकाशात ती शोधली. ती देवयानी दीर्घिकेबरोबरच, जवळपास त्याच मिनिटांना याम्योत्तरावर येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या धुतलेल्या हवेत आपण सगळे उत्तरेकडे तोंड करून देवयानी टिपत असतो, तेव्हा पाठीमागे ही उभी असते. त्यानंतर डिसेंबरात फोरनॅक्समधला दीर्घिकासमूह आणि त्यातली एनजीसी १३६५ ही दांडीची दीर्घिका.

हा आग्रह केवळ सुंदर चित्रांसाठी नाही. नकाशावर पुण्यापासून सरळ दक्षिणेला बोट न्या. किनारा ओलांडला की काही बेटे सोडली तर अंटार्क्टिकापर्यंत हिंदी महासागरच आहे. ऑस्ट्रेलियात उजाडल्यावर आणि आफ्रिकेत अंधार पडण्यापूर्वीच्या तासांत दक्षिणेच्या दीर्घिकांवर नजर ठेवायला जमीन फारशी उरत नाही. जी थोडी उरते, ती आपली आहे. विसाव्या शतकात एकट्या एम ८३ मध्ये सहा अतिनवतारे सापडले. मे २०२३ मध्ये जपानच्या कोइची इतागाकी यांनी एम १०१ मधला अतिनवतारा शोधला, तेव्हा शोधाच्या आधीच्या तासांत जगभरच्या हौशी मंडळींनी सहज काढलेल्या चित्रांवरून स्फोटाची वेळ बांधता आली. त्या चित्रांवर अचूक वेळ नोंदलेली होती आणि मूळ फाइली जपून ठेवलेल्या होत्या, म्हणूनच हे शक्य झाले.

म्हणून चित्र तयार झाले की मूळ फाइली पुसण्याची सवय आता थांबली पाहिजे. चित्र तीक्ष्ण करणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरबद्दलही आमचे मत स्पष्ट आहे. ते ताऱ्यांचा आकार सुधारते तोवर ठीक. सेंटॉरस एच्या धूळपट्ट्यात तुमच्या दुर्बिणीने न टिपलेले धागे ते उभे करू लागले, तर ते छायाचित्र राहत नाही.

जूनच्या अंकातले मधले रंगीत पान आम्ही एम ८३, सेंटॉरस ए आणि ओमेगा सेंटॉरी या तिघांसाठी राखून ठेवत आहोत. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीची आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीची अशा दोन अमावास्या हाताशी आहेत. ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून शहरात काढलेले चित्रही चालेल. चित्रासोबत ठिकाण, दुर्बीण आणि कॅमेरा, एकूण एक्स्पोजर, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमची वेळ आणि प्रक्रिया करण्यापूर्वीचे एकत्रित चित्र पाठवा. घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घेतलेले असावे.