तेलात बुडालेला भुईमूग



जमिनीखाली तेल लागले की देशाचे दैन्य फिटते, असे आपण ऐकत आलो. नायजेरियातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे काय झाले ते पाहा.

उत्तर नायजेरियात कानो हे व्यापाराचे शहर. आसपासचा मुलूख आपल्यासारखाच, पावसाच्या भरवशावर ज्वारी, कापूस, भुईमूग पिकवणारा. १९६० च्या दशकात भुईमुगाच्या निर्यातीत हा देश जगात आघाडीवर होता. कानोत पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असत, घराहून उंच. १९५६ साली दक्षिणेत ओलोइबिरीला तेल लागले. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले आणि डॉलरांचा पूर आला. त्याच दशकात पिरॅमिड दिसेनासे झाले.

दुष्काळ पडला, १९७५ साली पिकावर रोग आला, हे खरे. पण दुष्काळानंतर शेतकरी पुन्हा पेरतो, परवडत असेल तर. इथे परवडणेच संपले होते.

हिशेब साधा आहे. तेलाच्या डॉलरांनी नायरा हे तिथले चलन महाग झाले. १९८० साली एका नायराला पावणेदोन डॉलरांहून जास्त मिळत. म्हणजे १०० डॉलरांचा माल परदेशी विकला तर हाती जेमतेम ५५ नायरा. मजुरी मात्र चढलेली, कारण मजूर शहरातल्या बांधकामांवर गेलेला. उलट बाहेरचा गहू-तांदूळ याच महाग नायरात स्वस्त पडे. शहरे पावाला आणि भाताला सोकावली. रुपया वधारला म्हणून आपल्या शहरांत आनंद होतो, तेव्हा कापसाच्या गाठीमागे किती रुपये घटले, हे कोणी मांडत नाही!

त्यात खरेदी मंडळे. भुईमूग, कापूस मंडळालाच घालायचा, भाव मंडळ ठरवणार, जागतिक भावातला मोठा वाटा सरकार ठेवून घेणार. (एकाधिकार खरेदीत कापूस घातलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.) तेलापूर्वी सरकारचा बराच खर्च या कपातीवर चाले. निदान म्हणून तरी शेतकरी जगायला हवा होता. तेल आले आणि तीही गरज संपली.

नॉर्वेलाही तेल लागले. त्यांनी १९९० साली कायदा करून तेलाच्या पैशासाठी वेगळा निधी काढला आणि तो देशाबाहेर गुंतवला, घरच्या बाजारात ओतला नाही. लुटणारे तेल नव्हे, धोरण.

१९८६ साली तेलाचे भाव कोसळले, तेव्हा नायजेरियाने नायराचे अवमूल्यन केले, मंडळेही बरखास्त केली. कानोचे पिरॅमिड परत उभे राहिले नाहीत.