कमी पाण्याचे पीक सुचवताना

डिसेंबरातल्या भर दुपारी मोहोळ-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीचे पान पाहावे. ओल तुटायला लागली असेल तर ते आत वळलेले दिसते. पानाच्या वरच्या बाजूच्या मोठ्या पेशींतले पाणी ओसरले की पान मिटते आणि उन्हाला अंग कमी देते. ऊन कलले की पुन्हा उलगडते. पर्णकोशावरून बोट फिरवले तर पांढरी भुकटी लागते, ते मेण. पाणी तुटले की वाढ थांबवायची आणि ओल मिळताच पुन्हा धरायची, हे ज्वारीला जमते तसे मक्याला जमत नाही.

पण यातली एकही युक्ती फुकट नाही. मिटलेले पान अन्न कमी बनवते. दाणे भरताना ओल संपली, तर ताट स्वतःच्या कांड्यांतली साखर कणसाकडे वळवते. त्यात बुंधा दुबळा होतो आणि जमिनीतली बुरशी आत शिरते. हाच खडखड्या. बाहेरून ताट धड दिसते. बुंधा उभा चिरला तर गाभा कुजून नुसते काळसर धागे उरलेले असतात आणि वाऱ्यासरशी रान आडवे होते. यावर औषध विचारणारी पत्रे आमच्याकडे नेहमी येतात. पण रोग दिसेपर्यंत ओलीचा हिशेब चुकून गेलेला असतो. ४५ बाय १५ सेंटीमीटरवर, म्हणजे हेक्टरी दीड लाखाच्या आत ताटे ठेवायची, आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने भेगा बुजवायच्या, ही शिफारस जुनीच आहे. कडब्याच्या लोभाने विरळणी टाळली जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

बाजरीची तऱ्हा निराळी. ती झुंजत बसत नाही, तीन महिन्यांच्या आत उरकून मोकळी होते. बोर उन्हाळ्यात पाने गाळून झोपी जाते, तेव्हा त्याला पाणी दाखवण्याचे कारण नाही.

घोळ होतो तो ड्रॅगन फ्रूटचा. निवडुंगाच्या कुळातले म्हणून ते उघड्या माळावर लावले जाते. मुळात ही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातल्या जंगलांत झाडांवर चढणारी, विरळ सावलीतली वेल. ती रात्री रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा दारे लावून घेते. पाणी वाचते खरे, पण घाम न येणाऱ्या माणसासारखी ती तापते. एप्रिल-मेमध्ये फांद्या पिवळ्या पडून भाजतात, मग शेडनेटचा खर्च निघतो. हा खर्च लागवडीच्या अंदाजपत्रकात आधीच धरायला हवा. सल्ला देणाऱ्यांपैकी फार थोडे तो धरतात.

तेव्हा पीक सुचवण्याआधी विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तुटते, ते विचारा. जानेवारीत तुटणाऱ्याला आणि मेमध्ये तुटणाऱ्याला एकच पीक सुचवणारे लेख या अंकापासून आम्ही परत पाठवणार आहोत.