लंडन पाहावे, दौलताबादही पाहावे

आपल्या समाजातील मुले-मुली आता शिक्षणासाठी लंडनपर्यंत जाऊ लागली आहेत. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जागा असतात. अशी एखादी जागा गेवराई-माजलगावकडच्या मुलीलाही मिळू शकते. मुले तिथे पोचली की घरी फोटो येतात. घड्याळाचा मनोरा, थेम्स नदीवरचा पूल, लाल रंगाची दुमजली बस. आईवडील ते कौतुकाने गल्लीत दाखवतात. दाखवावेत, त्यात वावगे काही नाही. मात्र त्या शहरात आपण नेमके काय पाहायचे, हे आम्हाला आज सांगावेसे वाटते.

बाबासाहेब लंडनला पहिल्यांदा गेले ते मुंबईहून नव्हे, अमेरिकेहून. कोलंबिया विद्यापीठातील तीन वर्षांचे शिक्षण घेऊन १९१६ साली हा पंचवीस वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये उतरला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे त्यांनी नाव घातले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली परतावे लागले. पुढे प्राध्यापकी करून पैसे जमवले, शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा गेले. त्यांची सहल म्हणजे ब्रिटिश म्युझियमचे वाचनगृह. सकाळी दार उघडताना आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे, असे चरित्रकार लिहितात. तिथे बसायला पास लागे, पण त्या पासावर जातीचा रकाना नव्हता.

आम्हाला वाटते, बाबासाहेबांनी त्या शहरात पाहिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या लेखनात ते सांगतात की, परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच, राहायचे कुठे, हा प्रश्न पुढे आला आणि ती जाणीव परत आली. काही दिवसांतच लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना मुक्कामाच्या जागेतून बाहेर काढले.

याच लेखनात आपल्या मराठवाड्यातली एक सहल आहे. वर्ष १९३४. सुमारे तीस सहकाऱ्यांसह बाबासाहेब वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. तेव्हा हा मुलूख निजामाचा, आपला बीड जिल्हाही त्यातच. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. किल्ल्याजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. एवढ्यावरून हौद बाटवला म्हणून तिथल्या मुसलमानांनी आरडाओरडा केला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी आत सोडले ते कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारी शिपाई देऊन. लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी घेतलेला माणूस, आणि त्याच्यावर पाण्यासाठी पहारा! अस्पृश्यतेचा रोग इतर धर्मीयांतही कसा पसरला होता, हे बाबासाहेबांनी यातून दाखवले.

याचा अर्थ इंग्रजांचे गोडवे गावेत असा नाही. आपल्यावर राज्य करणारे तेच. त्यांच्याच राजधानीत बसून बाबासाहेबांनी सरकारच्या चलनधोरणाची चिरफाड करणारा रुपयावरचा प्रबंध लिहिला. तो १९२३ साली पुस्तकरूपाने निघाला. भारावून न जाता पाहणे म्हणतात ते हे.

म्हणून लंडनला जाणाऱ्या मुलांनी मनोऱ्यासमोर फोटो जरूर काढावा, पण १०, किंग हेन्रीज रोड हे घरही पाहावे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेऊन स्मारक केले. तिथल्या नगरपालिकेने पुढे स्मारकाला परवानगी नाकारली होती. ती २०२० साली ब्रिटिश सरकारकडून मिळाली. ग्रेज इनमध्येही २०२१ पासून त्यांच्या नावाची खोली आहे.

ज्यांना लंडन परवडणार नाही, त्या आपल्यासारख्यांनी एस.टी.ने दौलताबाद-वेरूळ करावे. भाकरी बांधून न्यावी. मंगळवारी वेरूळ बंद असते, तेवढे ध्यानात ठेवावे. वेरूळची १ ते १२ ही लेणी बौद्ध आहेत. दहाव्या लेण्यातील बुद्धमूर्तीसमोर मुलांना घटकाभर शांत बसवावे. दौलताबादला आज तिकीट काढताना कोणी जात विचारत नाही, शिपाई सोबत येत नाही. हा बदल आपोआप झालेला नाही, हे मुलांना तिथेच उभे राहून सांगावे. आणि गावी परतल्यावर विहारातील अभ्यासिकेचा दिवा रात्री दहापर्यंत कसा चालू राहील, तिथे मुलींनाही बसायला जागा कशी होईल, हे पाहावे. वाचनगृहाचे दार उघडे असले की काय घडते, हे बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून दिले आहे.

जय भीम!