घाशीरामची कबुली कोण ऐकतो?

'घाशीराम कोतवाल'वर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यातला बराच भाग नाना फडणवीसांची बदनामी झाली की नाही, या वादातच खर्ची पडला. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पी.डी.ए.ने पहिला प्रयोग केला, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच तो थांबवला आणि १९७४ मध्ये थिएटर अकॅडमीने तो पुन्हा उभा केला. हे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. हे नाटक देहदंडाचेही आहे, हे मात्र वर्गात क्वचितच निघते.

तुलनेसाठी एक अमेरिकन ऑपेरा घेऊ. जेक हेगी यांचा 'डेड मॅन वॉकिंग' २००० साली सॅन फ्रान्सिस्कोत प्रथम सादर झाला. सिस्टर हेलन प्रीजन यांच्या आठवणींवर तो बेतलेला आहे. मृत्युदंड झालेला खुनी आणि त्याला कबुलीपर्यंत घेऊन जाणारी धर्मभगिनी, एवढाच त्याचा गाभा. तो अखेरीस गुन्हा कबूल करतो. पुढे विषाची सुई टोचली जाते तेव्हा वाद्यवृंद थांबतो आणि यंत्रांचे आवाज तेवढे उरतात. दोन-अडीच तास गाणारी कलाकृती नेमक्या त्या जागी गाणे नाकारते.

तेंडुलकरांच्या नाटकात गाणे थांबत नाही. भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्ये आणि जब्बार पटेलांचे दिग्दर्शन यांनी उभे केलेले हे नाटक आमच्या मते मराठीतील ऑपेराच्या सर्वांत जवळ जाणारे आहे. संगीत नाटकापेक्षाही जवळ, कारण येथे पद काढून टाकले तर कथानकच कोसळते. कीर्तन आणि लावणी एकमेकींत मिसळतात. ब्राह्मणांची रांग कधी भिंत होते, कधी पडदा, कधी जमाव; आणि प्रत्येक अपकृत्यावर हरिनामाचा गजर चढतो. घाशीराम निरपराध ब्राह्मणाच्या हातावर तापला गोळा ठेवून दिव्य करवतो, तेव्हा श्रद्धा हीच न्यायाची पद्धत झालेली असते. अमेरिकन ऑपेरातील श्रद्धा एका बाईच्या अंतःकरणात आहे. आपल्याकडची श्रद्धा समूहाच्या गळ्यात आहे, आणि गळा मोठा असला की आतले काही ऐकू येत नाही.

म्हणून शेवट नीट पाहावा. इतिहासातला घाशीराम १७९१ साली पुण्यात दगडांनी ठेचून मारला गेला. कोंडून ठेवलेले ब्राह्मण गुदमरून मेले, हे त्याचे निमित्त. नाटकात नाना त्याला जमावाच्या स्वाधीन करतो. आणि मरताना घाशीराम काय बोलतो? तो दया मागत नाही. आपण लोकांच्या छातीवर नाचलो, पण पोटच्या पोरीचा, गौरीचा, घात केला. त्याची शिक्षा आपल्याला मिळालीच पाहिजे, असे तो सांगतो. संपूर्ण नाटकात अपराधाची जाणीव झालेला हा एकटाच माणूस आहे! गौरीला ज्याने घेतले त्या नानाला ती होत नाही, जमावाला होत नाही. लगोलग नाना उत्सवाची आज्ञा देतो आणि पुन्हा नाच-गाणे सुरू होते. दंड आणि उत्सव यांच्यात शोकाला एक क्षणही मिळत नाही.

२१ नोव्हेंबर २०१२ रोजी याच शहरात, येरवड्यात, अजमल कसाबला फाशी दिली गेली. त्याच्या अपराधाबद्दल शंका नव्हती; घाशीरामच्याही नाही. तरी त्या दिवशी ठिकठिकाणी वाजलेले फटाके ऐकताना आम्हांस या नाटकाचा शेवट आठवला. मृत्युदंडाच्या समर्थकांना तो जुळवलेला योगायोग वाटेल, वाटो.

आमची तक्रार प्रयोगांविषयीही आहे. घाशीरामचे ते शेवटचे बोलणे पुष्कळदा आरडाओरड्यात उरकले जाते आणि प्रेक्षक समूहाच्या लयीवर टाळ्या देत बाहेर पडतो. नाटक पुन्हा बसवणाऱ्या एखाद्या तरुण दिग्दर्शकाने तेवढ्या वाक्यांपुरता मृदंग थांबवून पाहावा. संहितेशी ते बेइमानी ठरेल काय, यावर सहकाऱ्यांत आमचे अद्याप एकमत झालेले नाही.