चार पाती की सहा?

विमानाचे लहानसे प्रतिरूप घरी बसून जुळविणे हा निव्वळ पोरखेळ होय, अशी आमची समजूत होती. आमच्या नातवाने ती दूर केली आणि दूर करिताना आमची थोडी फजितीही केली.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीनजीकच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून पहिले प्रवासी विमान उतरले, तेव्हापासून या मुलाला ‘एटीआर ७२’ या विमानाने वेड लावले होते. त्याच्या आत्याने उन्हाळ्याच्या सुटीत त्याच विमानाच्या प्रतिरूपाचा एक संच आणून दिला. प्रमाण १ : १४४. खरे विमान २७.१७ मीटर लांब. तेव्हा आमचे एकोणीस सेंटिमीटरांस किंचित कमी भरावयाचे. हा भागाकार नातवाने तोंडी केला, याचे आम्हांस समाधान वाटले.

पेटीत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले सुटे भाग असतात. ते पिळून तोडावयाचे नाहीत, धारदार पात्याने कापून कानशीने घासावयाचे. जोडावयाचा द्रव हा खळीसारखा चिकटत नाही. तो प्लास्टिकच विरघळवून दोन कडा एकजीव करितो, म्हणून थेंब जास्त पडला की भाग बिघडलाच. सांध्यांत लांबी भरून पॉलिश कागदाने घासावी लागते. धडाच्या दोन फाका मिटविण्यापूर्वी नाकाच्या पोकळीत शिशाचा तुकडा बसवावा लागतो, नाहीतर तयार विमान शेपटावर बसते. (खऱ्या विमानासही चढउतार चालू असता शेपटाखाली टेकू देतात, हे आम्हांस यानिमित्ताने कळले.) वऱ्हाडातल्या मे महिन्यात रंग कुंचल्यावरच वाळू लागे, कूलर लावावा तर त्याच्या वाऱ्याने उडालेली धूळ ओल्या पंखांवर येऊन बसे. शेवटी रंगकाम पहाटे पाचला, सूनबाईंचा झाडू फिरण्यापूर्वी, होऊ लागले.

मध्यंतरी मुलगा आत्याबरोबर मुंबईस जाऊन त्याच विमानाने परतला. घरात पाऊल टाकताच म्हणाला, ‘‘आजोबा, पंख्याला सहा पाती आहेत. आपल्या पेटीत चारच आहेत.’’

आम्ही म्हणालो, ‘‘पेटी करणारे शहाणे लोक असतात. तू घाईत मोजलीस.’’

‘‘शिडी उतरल्यावर दोनदा मोजली.’’

ज्याने उभा जन्म वर्गात प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही प्रमाणे समजावून दिली, त्याने प्रत्यक्षाला झिडकारून खोक्यावरील चित्राला आप्तवाक्य मानावे, याची लाज आम्हांस शोध केल्यावर वाटली. या विमानाच्या आरंभीच्या प्रकारांना चारच पाती होती. पुढील ५०० व ६०० या प्रकारांना सहा. पेटी खोटी नव्हती, जुनी होती. मात्र बेलोऱ्यास उतरणारे विमान ६०० प्रकारचे, आणि मुलास तेच हवे होते.

तेव्हा दोन्ही पंखे नव्याने करण्याचे ठरले. खऱ्या पंख्याचा व्यास ३.९३ मीटर, आमच्या प्रमाणात सुमारे सत्तावीस मिलिमीटर. वर्तुळाचे सहा समान भाग करण्यास कोनमापकाची गरज नाही. त्रिज्येएवढा कंपास उघडून परिघावर फिरविला की सहाव्या खुणेस आरंभबिंदू गाठतो. एवढे तरी आम्ही शिकवू शकलो. पाती प्रथम एका डब्याच्या झाकणातून कापली, पण तो द्रव त्या जातीच्या प्लास्टिकला विरघळवीना. मग टाकाऊ चौकटीचेच तुकडे घासून चपटे केले. एकेका पात्यास अर्धा तास लागे.

हे काम अकोल्याच्या आमच्या पुतण्याच्या कानी गेले. त्याच्या कन्येच्या शाळेत विज्ञान-प्रदर्शन होते. तिच्यासाठी आमच्या नातवाने शिवकर बापूजी तळपदे यांचे ‘मरुत्सखा’ करून द्यावे, असे त्याने कळविले. सोबत ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील आकृत्या धाडल्या. तळपद्यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याचे सांगतात. मराठी माणसाचे नाव आणि संस्कृतचा संबंध, आमचेही मन विरघळले. परंतु नातवाने पट्टी पुढे ओढून विचारले, ‘‘याचा पंख किती लांब?’’

उत्तर कोठेच सापडेना. मोजमापे दिलेला त्या काळचा विश्वसनीय आराखडा उपलब्ध नाही. आकृत्यांविषयी म्हणावे तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्या ग्रंथाची चिकित्सा केली आहे. ग्रंथ विसाव्या शतकातील आहे, आकृत्या १९२३ साली एका आरेखकाकडून काढविलेल्या आहेत आणि त्यांत दाखविलेली विमाने उडणारी नव्हेत, असा त्यांचा निर्णय. ग्रंथाची संस्कृत भाषा वाचूनही ती प्राचीन ऋषींची आहे असे म्हणावयास आमची जीभ धजत नाही. तळपद्यांनी काही प्रयत्न केलाच नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याचे माप नाही, त्याचे प्रमाणबद्ध प्रतिरूप कशावरून करावयाचे? मनाने पंख काढून खाली त्यांचे नाव लिहिणे हा त्यांचा गौरव झाला नसता.

आम्ही तसे पुतण्यास कळविले. ‘‘काका, तुम्ही संस्कृतचे मास्तर, आणि तुम्हीच असे म्हणता?’’ एवढे बोलून त्याने फोन ठेवला. त्याला आज सोळा दिवस झाले. पोरीचा काय दोष, असे आमच्या सौभाग्यवती दोनदा म्हणाल्या. त्यांचे म्हणणे आम्हांस खोडता येत नाही. बेलोऱ्याचे विमान तयार झाले की तेच तिला अकोल्यास नेऊन द्यावे, असे नातवाने आपण होऊन सुचविले आहे. तूर्त डाव्या पंख्याचे पाचवे पाते गळून पडले असून तो आमचे भिंग घेऊन पलंगाखाली शोधीत आहे.