अक्षरसंकेत आणि पाठनिष्ठा

हस्तलिखित कोणत्या लिपीतून कोणत्या लिपीत उतरविले गेले, हे ठाऊक असल्याखेरीज पाठभेदांचा निर्णय करता येत नाही. तंजावरच्या सरस्वती महालातील मोडी कागद देवनागरीत आणताना ऱ्हस्व-दीर्घाचा विवेक संपादकालाच करावा लागतो. कारण मोडीत तो सहसा पाळला जात नाही. संगणकावर पाठ उतरविताना हीच जबाबदारी नव्या रूपाने उभी राहते. मात्र 'तांत्रिक बाब' म्हणून अभ्यासक तिच्याकडे पाठ फिरवितात, हे योग्य नव्हे.

कुंभकोणम् परिसरातील पट्टीश्वरम् या गावाचेच नाव पाहावे. वाचकाच्या दृष्टीने त्यात 5 अक्षरे आहेत. युनिकोडच्या हिशेबाने 11 चिन्हे. आणि यूटीएफ-8 पद्धतीने साठविल्यास 33 बाइट. पर्ल या संगणकभाषेत 2002 च्या 5.8 आवृत्तीपासून फाइलच्या हँडलवर अक्षरसंकेताचा स्तर चढविण्याची सोय आहे. वाचताना तो स्तर सांगितला नाही, तर प्रत्येक बाइट हेच एक चिन्ह मानले जाते. अशी 33 चिन्हे यूटीएफ-8 चा स्तर लावून बाहेर लिहिली की त्यांचे 66 बाइट होतात आणि गावाचे नाव ओळखू येत नाही. लिहिण्याच्या हँडलवर हाच संकेत-स्तर चुकून दोनदा चढला, तरी परिणाम तोच.

यावर असे म्हटले जाते की, आत-बाहेर कोठेच स्तर न लावता पडद्यावर नाव शुद्ध दिसते. मग चिंता कशाची? हा युक्तिवाद फसवा आहे. बाइट जसेच्या तसे पुढे गेल्यामुळे दोष केवळ झाकला जातो. शब्दसूची करताना किंवा अक्षरे मोजताना तो उघडा पडतो, आणि यंत्राचा प्रमाद लेखकाची लकब किंवा बोलीचे वैशिष्ट्य म्हणून नोंदला जाण्याचा धोका राहतो. स्तर लावूनही 11 मिळतात, 5 नव्हे. जोडाक्षरांचा नियम संपादकालाच द्यावा लागतो.

इस्कीच्या 1991 च्या प्रमाणानुसार साठविलेल्या जुन्या फाइली एका संकेताच्या, आजच्या दुसऱ्या. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते 2014 मध्ये. तंजावरी मराठीच्या अभ्यासकाला यापुढे हे सारे एकत्र हाताळावे लागणार. म्हणून मूळ फाइल अबाधित ठेवावी, वाचताना एकदाच उलगडावे, लिहिताना एकदाच बांधावे, आणि दोन्ही वेळचा संकेत प्रस्तावनेत नोंदवावा. ज्या संपादकाला आपल्या प्रतीची लिपी सांगता येत नाही, त्याच्या पाठावर विश्वास कोणी व का ठेवावा?