दाढीचे सामान स्वस्त झाले. मग पुरळ का येते?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. टूथपेस्ट, शाम्पू आणि केसांच्या तेलाबरोबर दाढीचे क्रीम आणि आफ्टर-शेव्ह लोशन यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच्या आधीपासूनच बाजारात एक गोष्ट दिसू लागली होती. ब्रश, वाटी, साबणाचा डबा आणि एका पात्याचा जुन्या पद्धतीचा रेझर, असे संच पुन्हा विकले जात आहेत. वाढदिवसाला मुले वडिलांना ते भेट देतात. काही जण चंदन, लिंबू, खस अशा वासांचे साबण हौसेने जमवतात.

हौस चांगलीच आहे. पण सोलापुरात हा छंद करणाऱ्याला दोन अडचणी हमखास भेटतात. एक म्हणजे इथले पाणी आणि दुसरी म्हणजे औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेली मलमाची ट्यूब. पहिलीने चेहरा चुरचुरतो. दुसरीने साधा त्रास कित्येक महिने चालतो. म्हणून सामान घेण्याआधी, किंवा घेतल्यावर पुरळ आले असेल तर, पुढची माहिती वाचा.

ही पद्धत त्वचेला चांगली की वाईट?

मुळात ही पद्धत नवी नाही. सुटे पाते बदलता येणारा रेझर किंग जिलेट यांनी १९०३ मध्ये बाजारात आणला. आपल्या आजोबांच्या पिढीची रोजची दाढी अशीच होत असे. दोन पात्यांचे कार्ट्रिज १९७१ मध्ये आले, तीन पात्यांचे १९९८ मध्ये. मग ब्रश आणि वाटी कपाटात गेली. कोरोनाच्या काळात ती थोडी बाहेर आली. महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून सलून उघडली तेव्हा केस कापणे, रंगवणे अशा मोजक्या कामांना परवानगी होती, दाढीला नव्हती. अनेकांनी तेव्हा घरी दाढी करायला सुरुवात केली.

जास्त पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केस थोडा ओढते आणि मागचे पाते तो त्वचेच्या पातळीच्याही खाली कापते. कुरळ्या, राठ दाढीत असा केस वाढताना वळतो आणि पुन्हा त्वचेतच घुसतो. मानेवर बारीक, दुखऱ्या पुटकुळ्या येतात. ज्यांना हा त्रास आहे, त्यांना एका पात्याचा रेझर अनेकदा बरा पडतो.

पण छंद जडला की एकदा पाते फिरवून समाधान होत नाही. गाल लोण्यासारखा लागला पाहिजे म्हणून आधी सरळ, मग आडवे, मग उलटे असे तीनदा पाते फिरवले जाते. उलटे पाते फिरवले की एका पात्याचा फायदा बराचसा संपतो. पुरळ येण्याची प्रवृत्ती असेल तर केस वाढण्याच्या दिशेने एकदाच पाते फिरवा. संध्याकाळी हाताला थोडी खुंटे लागली तरी चालतील.

साबण नेमके काय करतो?

केस मऊ होतो तो पाण्याने. दोन-तीन मिनिटे ओला राहिलेला केस कापायला बराच कमी जोर लागतो. फेस ते पाणी केसाजवळ धरून ठेवतो आणि पाते घसरायला मदत करतो. म्हणून दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असते आणि ते पोटॅशच्या क्षाराने साबणात बदललेले असते. त्यामुळे फेस दाट आणि टिकाऊ होतो. अंगाच्या साबणाचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा होतो आणि लवकर बसतो. त्याने दाढी केली की चेहरा सोलल्यासारखा वाटतो, त्याचे कारण हेच.

साबण, मग तो दाढीचा का असेना, अल्कधर्मी असतो. त्याचा पीएच साधारण ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचेचा सुमारे ५. म्हणून फेस चेहऱ्यावर सुकू देऊ नका. दाढी झाली की साध्या पाण्याने नीट धुवा आणि बिनवासाचे मॉइश्चरायझर लावा. त्वचा कोरडी किंवा इसबाची असेल तर साबणापेक्षा बिनवासाचे क्रीम बरे.

सोलापूरचे पाणी आणि न होणारा फेस

शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. त्यामुळे आंघोळीला आणि दाढीला अनेक घरांत बोअरचेच पाणी वापरले जाते. या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. ते साबणाशी जोडले जातात आणि फेसाऐवजी पांढरा, चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. फेस होत नाही म्हणून माणूस आणखी साबण घासतो, पाते दाबून फिरवतो आणि चेहरा चुरचुरला की साबण बदलतो. महागडा साबणही या पाण्यात तसाच वागतो.

घरीच तपासून पाहा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचे आणि दुसरीत पिण्याचे किंवा आरओचे पाणी अर्धे भरा. दोन्हींत साबणाचे सारखे तुकडे टाकून जोरात हलवा. एका बाटलीत फेस उभा राहिला आणि दुसरीत पाणी नुसते गढूळ झाले, तर कारण कळले. दाढीच्या फेसाला एक वाटी पाणी पुरते. तेवढे पिण्याच्या पाण्यातून घ्या आणि शेवटचा चेहराही त्याच पाण्याने धुवा. पाणी उकळून काही क्षार खाली बसतात, सगळे नाही.

दुसरी गोष्ट सोलापूरकरांच्या घरातच आहे, ती म्हणजे टॉवेल. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल दाढीवर मिनिटभर ठेवला तर केस चांगला मऊ होतो. पण टॉवेल ज्याचा त्याचाच हवा आणि रोज उन्हात वाळलेला हवा.

साबण घेताना लेबलवर काय पाहावे?

• वास. दाढीच्या साबणाने होणाऱ्या ॲलर्जीत सुगंधी द्रव्ये मोठा भाग घेतात. आपल्याकडे लेबलवर बहुतेकदा ‘परफ्यूम’ एवढेच लिहिलेले असते. ‘लिलिअल’ या नावाने ओळखले जाणारे सुगंधी द्रव्य युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदी केली. जुना आयात माल स्वस्तात मिळाला तर त्यात ते असू शकते.

• टिकवणारी द्रव्ये. ‘मिथाइलआयसोथायाझोलिनोन’ हे नाव क्रीमवर किंवा लोशनवर दिसले आणि तुम्हाला ॲलर्जीचा इतिहास असेल, तर ते टाळा.

• ‘नैसर्गिक’ हा शब्द. लिंबू, लवंग, दालचिनी यांच्या तेलांनीही ॲलर्जी होते. घरगुती साबण आपोआप सौम्य ठरत नाही.

• प्राणिज चरबी. ‘सोडियम टॅलोएट’ किंवा ‘टॅलो’ म्हणजे जनावराची चरबी. त्वचेला तिचा अपाय नाही, पण शाकाहारी कुटुंबांनी लेबल वाचून घ्यावे.

नवा साबण थेट चेहऱ्याला लावू नका. आधी आठवडाभर रोज त्याचा फेस हाताच्या आतल्या बाजूला पाच मिनिटे ठेवून धुवा. खाज किंवा लाली आली नाही तर वापरा.

पुरळ आले: ते कोणते?

१. लगेच चुरचुर आणि लाली, एक-दोन दिवसांत शांत. हे पात्याने खरचटणे आहे. दोन दिवस दाढी करू नका, थंड ओला कपडा ठेवा.

२. मानेवर, जबड्याखाली पुटकुळ्या, आत वळलेला केस. दाढी काही आठवडे वाढू द्या किंवा ट्रिमरने थोडी ठेवूनच कापा. केस सुईने उकरू नका, काळे डाग राहतात.

३. केसाच्या मुळाशी पिवळे, पू असलेले फोड. हा जिवाणूंचा संसर्ग आहे. फोडू नका.

४. एक ते तीन दिवसांनी खाज, पाणी सुटणे, पापण्यांपर्यंत सूज. ही बहुधा ॲलर्जी आहे. नवीन आलेली वस्तू बंद करा आणि तिचा डबा डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवा.

५. हळूहळू पसरणारा गोल चट्टा, कडेला उंचवटा आणि कोंडा, भरपूर खाज. हे गजकर्ण असू शकते. घरात आणखी कुणाला आहे का, जांघेत किंवा कमरेला आहे का, ते पाहा.

६. मानेभोवती जाडसर, मखमलीसारखा काळेपणा, खाज नाही. याचा दाढीशी बहुधा संबंध नसतो. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. घासून काळेपणा जाणार नाही. रक्तातील साखर तपासून घ्या.

ट्यूब स्वतः आणू नका

पाचव्या प्रकारात सर्वांत मोठी चूक होते. दाढीनंतर खाज आली की दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणली जाते. अशा अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असतात. स्टिरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते आणि लाली उतरते. बुरशी मात्र आत वाढत राहते. ट्यूब थांबवली की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मुरमे येतात.

स्टिरॉइडच्या अशा वापराला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ प्रकारची स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे केले. तरी सवय सुटलेली नाही. भारतात पसरलेल्या गजकर्णाच्या एका बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. तिच्या बऱ्याच प्रकारांवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध नीट चालत नाही. म्हणजे पूर्वी काही आठवड्यांत बरा होणारा चट्टा आता बराच काळ औषध मागू शकतो. म्हणून आधी निदान, मग मलम. ट्यूब लावून झाली असेल तर लपवू नका. खोके घेऊनच जा.

सलूनमध्ये दाढी करत असाल तर

आपल्याकडचे बहुतेक कारागीर आता दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड लावतात. तरी ते तुमच्यासमोर लावले जाते का, हे पाहा. ‘दादा, नवीन ब्लेड टाका’ म्हणण्यात संकोच नको. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस टिकू शकतो आणि रक्ताचा अगदी बारीक अंश त्याला पुरतो. सगळ्यांच्या चेहऱ्यावर फिरणारी तुरटी, एकच ब्रश आणि एकच टॉवेल टाळा. तुरटीने बारीक रक्त थांबते, पण ती जंतुनाशक नाही. स्वतःचा खडा नेणे उत्तम. कावीळ ब ची लस घेतली नसेल तर डॉक्टरांना विचारा.

घरातही हाच नियम. वडील आणि मुलाचा रेझर वेगळा हवा. चेहऱ्यावर चामखीळ असेल तर तिच्यावरून पाते नेऊ नका, ती त्याच रेषेत पसरते. ब्रश धुऊन, झटकून मोकळ्या हवेत वाळवा. वापरलेले ब्लेड कचऱ्यात सुटे टाकू नका. झाकणाच्या डब्यात साठवा आणि डबा चिकटपट्टीने बंद करून वेगळा द्या. कचरा उचलणाऱ्याचा हात कापता कामा नये.

रुग्णाची दाढी करताना

• रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, हात थरथरत असतील किंवा मधुमेह ताब्यात नसेल, तर सुटे पाते नको. इलेक्ट्रिक ट्रिमर वापरा.

• जखमेचे वण फुगतात अशी प्रवृत्ती असेल तर दाढी खोलवर करू नका.

• ऑपरेशनआधी त्या जागेचे केस घरी रेझरने काढू नका. बारीक ओरखड्यांतून जंतुसंसर्ग वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार केस शक्यतो काढूच नयेत आणि काढावेच लागले तर क्लिपरने काढावेत. ते काम रुग्णालयावर सोडा.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

लगेच: नाकाजवळ किंवा वरच्या ओठावर वाढणारा दुखरा फोड, सोबत ताप, डोळ्याभोवती सूज किंवा तीव्र डोकेदुखी असेल तर. चेहऱ्याच्या या भागातील संसर्ग क्वचित आतपर्यंत जातो.

काही दिवसांत: दोन आठवड्यांत न जाणारे पुरळ, पसरणारा चट्टा, वारंवार येणारे पू असलेले फोड, न भरणारी जखम किंवा रक्त येणारा तीळ असेल तर. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये, त्वचारोग विभाग आहे.

साबणावर वाचलेले पैसे हौसेला जरूर वापरा. फक्त आज घरी दोन बाटल्यांची पाण्याची तपासणी करून पाहा. आणि कपाटात अर्धी वापरलेली ‘खाजेची ट्यूब’ असेल, तर ती चेहऱ्याला लावू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना सोबत घ्या.